मधला माणूस

आपल्याकडे धंद्याची चौकशी एका शब्दात संपली पाहिजे, असा एक अलिखित दंडक आहे. "मुलगा काय करतो?" या प्रश्नास "डॉक्टर आहे", "वकील आहे", "मास्तर आहे", असे उत्तर आले, की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि तो पुढच्या प्रश्नाकडे, म्हणजे पगाराकडे, निर्वेधपणे वळू शकतो. ज्याच्या उत्तरास एक सबंध वाक्य लागते त्याच्याविषयी लोकांच्या मनात किंचित संशय उत्पन्न होतो. आणि ज्यास दोन वाक्ये लागतात तो बहुधा काहीच करीत नसावा, असे समजण्याकडे आपल्या समाजाचा कल आहे.

माझ्या भाचीच्या उद्योगाचे वर्णन करावयास पाच-सहा वाक्ये तरी लागतात. तिच्या नेमणूकपत्रावर 'वेब प्रोड्यूसर' असे लिहिलेले होते. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, अलिबागेजवळ नागावास राहते. आम्ही सारे तिला अक्का म्हणतो. अक्काने त्या पदवीचा उच्चार एक-दोनदा करून पाहिला, आणि मग "ती संगणकात आहे" असे सुटसुटीत उत्तर ठरवून टाकले. नागावात ते पुष्कळ दिवस चालले. पण एकदा एका स्थळाकडची मंडळी आली असताना त्यांच्यातल्या एका चौकस गृहस्थांनी विचारले, "म्हणजे नेमके काय? चित्रे काढते?" नाही. "प्रोग्राम लिहिते?" नाही. "मजकूर लिहिते?" तोही दुसराच कोणी लिहितो. "मग ती स्वतः काय करते?" अक्काने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

हा प्रश्न त्या गृहस्थांपुरता नाही. जे काम हाताने दाखविता येत नाही त्याची किंमत कशी करावी, हा प्रश्न फार जुना आहे. म्हणून मी तो येथे जरा विस्ताराने मांडतो.

मुंबईतील ज्या एजन्सीत ती होती, ती दुसऱ्यांसाठी संकेतस्थळे तयार करून देई. एखाद्या बँकेला, इस्पितळाला किंवा हॉटेलाला आपले संकेतस्थळ हवे असते. त्याचे रूप आखणारा एक, मजकूर लिहिणारा दुसरा, छायाचित्रे घेणारा तिसरा, प्रोग्राम लिहून ते सारे चालते करणारा चौथा, आणि ते खरोखर चालते की नाही हे तपासणारा पाचवा. हे पाचही जण आपापल्या कामात वाकबगार असतात, आणि त्यामुळेच त्यांचे एकमेकांशी पटणे अवघड असते. चित्रकाराला पान मोकळे हवे. यजमानाला त्याच पानावर आपले सर्व संचालक सहकुटुंब हवेत. प्रोग्राम लिहिणारा म्हणतो की यांतले काहीही चालेल, पण पुढच्या महिन्यात. या सर्वांच्या मधोमध माझी भाची बसे.

तिचे काम आरंभी केवळ प्रश्न विचारण्याचे असे. हे संकेतस्थळ कोणासाठी? ते उघडून माणसाने काय करावे अशी अपेक्षा आहे? पैसे किती? तारीख कोणती, आणि ती तारीख कोणी व कशासाठी ठरविली? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुमच्यापैकी शेवटचा 'हो' कोण म्हणणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवशी मिळाले नाही तर काम शेवटच्या दिवशी बुडते, असा तिचा अनुभव आहे; कारण सहा माणसांनी पसंत केलेली गोष्ट, जो सातवा आजवर कधीच बैठकीला आला नव्हता, तो येऊन मोडतो.

मग ती शेवटच्या तारखेपासून मागे मोजीत येई. अमुक दिवशी संकेतस्थळ खुले व्हावयाचे असेल, तर त्याआधी इतके दिवस तपासणीस हवेत. त्याआधी मजकूर हाती यावयास हवा. आणि मजकूर तर यजमानाकडून यावयाचा. यजमान पैसे देतो म्हणून त्याच्याकडे तगादा लावण्यास सगळे संकोचतात, परंतु काम सर्वांत अधिक अडते ते त्याच्यापाशीच. तो तगादा लावणे, आणि तोही त्याचा मान राखून, हे तिचे काम. मध्येच यजमानाचा निरोप येई: "एवढेच जरा करून द्या." या 'एवढेच जरा'ने जितकी घरे आणि जितक्या इमारती अर्धवट राहिल्या असतील, तितक्या भूकंपानेही पडल्या नसतील. भाची त्याला नाही म्हणत नसे. ती कागदावर लिहून देई की, या 'एवढेच जरा'ला चार दिवस आणि इतके रुपये लागतील. करावयाचे की नाही ते आपण ठरवावे. बहुतेक वेळा ते 'एवढेच जरा' त्या कागदापाशीच थांबे.

या कामाला मराठीत नाव काय द्यावे, याचा मी बराच विचार केला आहे. 'निर्माता' म्हणावे, तर त्या शब्दास चित्रपटाच्या धंद्यामुळे पैशाचा वास लागलेला आहे. माझ्या भाचीने पैसा कधी घातला नाही, तो पुरवून मात्र वापरला. 'दलाल' म्हणावे, तर दलालाचे काम सौदा जमला की संपते. हिचे तेथून सुरू होते. 'मध्यस्थ' म्हणावे, तर मध्यस्थाला भांडण लागते. हिची सारी धडपड भांडण होऊच नये म्हणून. शेवटी मला आपला जुना सूत्रधारच जवळचा वाटला. संस्कृत नाटकातला हा गृहस्थ नांदीनंतर रंगभूमीवर येतो, नटीशी चार शब्द बोलतो, कोणते नाटक व्हावयाचे ते सांगतो, आणि प्रस्तावना संपताच निघून जातो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' मराठीत आणले तेव्हा तोही त्याच्यासंगे आला. पुढचे सर्व अंक त्याच्यावाचून होतात. टाळ्या दुष्यंताला पडतात, अश्रू शकुंतलेसाठी गळतात. पण सूत्र त्याच्या हाती असते, असे त्याचे नावच सांगते. आपला सुतारदेखील त्याच सूत्राचा वारस. लाकूड कापण्यापूर्वी तो दोरी धरून रेघ आखतो. पेटी तयार झाली की ती रेघ कोणास दिसत नाही.

आमच्या किनाऱ्यावर अशी माणसे अपरिचित नाहीत. रेवदंड्यास किंवा मुरुडास मासेमारीच्या होड्या परतताना पाहिल्या, तर प्रत्येक होडीवर एक तांडेल असतो. होडीचा मालक तो असेलच असे नाही, आणि जाळे ओढण्यात त्याच्याहून तरणे खलाशी असतात. तरीही केव्हा निघावयाचे, कोठे जाळे टाकावयाचे आणि केव्हा परतावयाचे, हा शब्द त्याचा. मात्र तांडेलाचे एक भाग्य आहे: समुद्रावर त्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही, कारण तो नाकारण्याचा परिणाम तासाभरात कळतो. कागदाच्या आणि संगणकाच्या जगात तो परिणाम कळावयास महिने लागतात, आणि तोपर्यंत खरा दोष कोणाचा हे विसरले गेलेले असते.

याहून चांगले उदाहरण खुद्द अलिबागेत उभे आहे, आणि त्याच्यावरून आम्ही रोज जातो. मुंबईच्या कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापिली. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील महाक्षोभामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची कुलाब्यास झालेली नोंद आजचे शास्त्रज्ञही अभ्यासतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याची सूक्ष्म उपकरणे बिघडणार हे उघड होते. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई फ्रामजी मूस. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. ट्राम थांबविणे त्यांच्या हाती नव्हते, आणि विज्ञानही थांबवावयाचे नव्हते. तेव्हा समुद्रापलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या अलिबागेची जागा निवडण्यात आली. तेथील इमारतीत लोखंड येऊ दिले नाही. दगडसुद्धा चुंबकीय दोष नसलेला, पारखून घेतलेला.

परंतु मूस यांची खरी दूरदृष्टी मला याहून वेगळ्या गोष्टीत दिसते. अलिबागेची वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. म्हणून कुलाब्याची नोंद त्याच दिवशी बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवण्यात आले, जेणेकरून जुन्या आकड्यांचा नव्या आकड्यांशी मेळ घालता यावा. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, तेव्हा हे सारे आटोपलेले होते. दोन वर्षे दुप्पट माणसे, दुप्पट कागद, दुप्पट खर्च. आणि त्याचे फळ काय? तर काहीही न घडणे. साठाहून अधिक वर्षांची मालिका तुटली नाही, एवढेच.

हे मी भाचीस सांगितले, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मामा, आम्हीही असेच करतो. जुने संकेतस्थळ बंद करून नवे उघडताना काही दिवस दोन्ही चालू ठेवतो, आणि जुन्या पानांचा प्रत्येक पत्ता नव्या पानाकडे वळवून देतो. नाहीतर दहा वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवलेल्या पत्त्यावर माणूस येतो आणि त्याला दार सापडत नाही. यजमान नेहमी विचारतात, यावर पैसे कशाला? यातून नवीन काय दिसणार आहे?"

नवीन काही दिसत नाही, हीच या जातीच्या कामाची अडचण आहे. तिची परीक्षा २०२० साली झाली.

त्या वर्षी मार्चपासून टाळेबंदी असल्यामुळे ती नागावास आईपाशी राहून काम करीत होती. एका धर्मादाय इस्पितळाचे संकेतस्थळ तिच्याकडे होते; साथीच्या दिवसांत रोग्यांना घरबसल्या डॉक्टरांची वेळ घेता यावी, एवढाच त्याचा हेतू, आणि ते ५ जूनला खुले व्हावयाचे होते. जूनच्या आरंभी अरबी समुद्रात वादळ उठल्याची वार्ता आली. मुंबईतील तिच्या सहकाऱ्यांना ती पावसाची वार्ता वाटली. ही किनाऱ्यावरची मुलगी. वारा सुटला की पहिल्यांदा वीज जाते आणि मग बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, हे तिला कोणी सांगावयास नको होते. दोन दिवसांत तिने चार पानांचे एक टिपण केले: काय झाले आहे, काय राहिले आहे, कोणती किल्ली कोणापाशी आहे, इस्पितळातर्फे शेवटचा 'हो' कोण म्हणेल, ते भेटले नाहीत तर कोणास विचारावे, आणि उघडल्यावर बिघाड झाला तर जुन्या पानावर परत कसे जावे. ते तिने चौघांना पाठविले, चौघांकडून ते फोनवर वाचून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. तो ३ जून होता.

त्या वाऱ्याने चौलपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्यांची काय दशा केली, ते येथे सांगत नाही. अक्काच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर तिला सुपारी धरावयास पाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारी किती वर्षे पडली याचा हिशेब वाचकांनीच करावा. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हता. मायलेकी पडलेल्या माडांतून वाट काढीत विहिरीपर्यंत जात होत्या. इस्पितळाचे संकेतस्थळ ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी खुले झाले. भाचीला ते कळावयास दोन आठवडे लागले.

चार महिन्यांनी एजन्सीने खर्च कमी करण्यासाठी माणसे कमी केली, आणि त्यांत तिची जागा गेली. ज्यांनी तिला हे कळविले, त्यांनी सद्भावनेनेच एक कारणही सांगितले: जूनमधले ते काम आपल्यावाचूनही व्यवस्थित पार पडले, त्यावरून ही जागा नसली तरी चालण्यासारखे आहे असे दिसते.

अक्काला संताप आला. वाडीही पडली आणि नोकरीही गेली, एवढेच ती दिवसभर म्हणत राहिली. भाचीने मला फोनवर सांगितले ते असे: "मामा, माझ्या कामाचे इतके चांगले प्रशस्तिपत्र मला कोणी दिले नव्हते. फक्त त्याच्याखाली पगाराचा आकडा नाही." ती हसली, पण ते हसणे मला ऐकवले नाही.

मध्यस्थांच्या वतीने वकिली करताना त्यांचे दोष झाकू नयेत. मधला माणूस निरुपयोगीही असू शकतो. इकडचे पत्र तिकडे आणि तिकडचे इकडे करण्यापलीकडे ज्याचे कर्तृत्व जात नाही, जो यजमानापुढे होयबा आणि कारागिरांपुढे जमादार असतो, जो दोघांपासूनही खरी स्थिती लपवून ठेवतो, त्याची जागा गेली तर हळहळ वाटावयास नको. आता तर यंत्रेच निरोप पोहोचवितात, वेळापत्रके आखतात आणि आठवणी देतात. तेवढेच काम करणाऱ्यास माणूस म्हणून पगार द्यावा तरी का? पण जो पैसे देतो त्याला वेळेवर 'हे होणार नाही' असे सांगणे, चौघांपैकी एकजण दोन दिवस गप्प आहे म्हणजे त्याचे काम अडले आहे हे ओळखणे, आणि त्याला लाज वाटणार नाही अशा रीतीने विचारणे, ही कामे निराळी आहेत. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण अशा माणसास तंतोतंत लागू पडते. काम साधले तर श्रेय कारागिराचे आणि दूरदृष्टी यजमानाची. फसले तर मात्र सर्वांना त्याचे नाव आठवते.

या उपाशी पाहुण्यांत आपल्या घरातल्या बायकांची गणना प्रथम केली पाहिजे, हे मला अक्कानेच दाखवून दिले. नोकरी गेल्यानंतरच्या दिवसांत ती एकदा मुलीला म्हणाली, "आता तरी मला नीट सांग, तू तिथे करत होतीस तरी काय?" मुलगी म्हणाली, "आई, गणपती घे. पेणला मूर्ती कधी सांगायची, ती आणायला गाडी कुणाची, गुरुजींना दोन घरे असतील तर आपली वेळ कोणती, नारळ उतरवणारा त्याआधी येऊन गेला पाहिजे, मुंबईची माणसे कितीजण, कोण कुठे झोपणार, कुणाला सोवळ्यातले आणि कुणाला पथ्याचे. यांतले एकही काम तू एकटी करत नाहीस, आणि तू नसलीस तर एकही होत नाही." अक्का थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हे तर मी चाळीस वर्षे करते आहे. याला पगार असतो?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. महाविद्यालयात इतकी वर्षे मी इंग्रजी शिकविली, आणि परीक्षेच्या कामापासून स्नेहसंमेलनापर्यंत अनेक गोष्टी सुरळीत होताना पाहिल्या. त्या कोणामुळे सुरळीत होत, हे बहुधा तो मनुष्य निवृत्त झाल्याच्या पुढल्या वर्षी कळे. बिघाडाचे कारण शोधण्यास आपण समित्या नेमतो. सुरळीतपणाचे कारण शोधण्यास कोणी समिती नेमल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

भाचीला पुढे दुसऱ्या ठिकाणी तेच काम मिळाले. आता ती मांडव्याहून बोटीने भाऊच्या धक्क्यास जाऊन-येऊन असते. अक्काने पोफळीची नवी रोपे लावली आहेत.

२०२२ च्या श्रावणात, गणेश चतुर्थीला आठ-दहा दिवस उरले असताना, अक्का वाडीत घसरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये घालून अलिबागेच्या इस्पितळात निजून राहिली. तिने मुलीकडून कागद मागवून घेतला आणि निजल्या निजल्या सर्व लिहून काढले: कोणता डबा कोणत्या फळीवर, गौरीचे दागिने कोठे, कोणत्या आत्याबाईंना आधी विचारावयाचे, आणि उकडीला पीठ कोणाकडून आणावयाचे. सण यथासांग झाला. आरतीनंतर पाने मांडली गेली, आणि आमच्यातले एक वडीलधारे काका तृप्त होऊन म्हणाले, "काही म्हणा, अक्का नसतानाही यंदा कुठे काही कमी पडले नाही."

भाची वाढावयास उभी होती. तिच्या हाती तुपाचे भांडे होते. ती अगदी हळू म्हणाली, "नसतानाही नव्हे, काका. आई होती म्हणून."

काका क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पानातले दोन मोदक बाजूला काढले आणि ते डब्यात घालून इस्पितळात पोहोचते करावयास सांगितले.